शाईचे मर्म जाणणारा औषधकार : कार्ल विल्हेल्म शेले

शाळेत जाणाऱ्या मुलाच्या सदऱ्यावर शाईचा डाग कधी पडलाच नाही, असे घर विरळाच. पाटी-पेन्सिल सुटून हाती झरणी आली, की पहिले काही दिवस ती कागदापेक्षा बोटांवर, खिशावर आणि पुढच्या बाकावरील मित्राच्या पाठीवरच अधिक लिहिते. आता बॉलपेनाने झरणीला बरेच मागे सारले आहे. तथापि अक्षराला वळण लागावे म्हणून जी मुले अजून शाईचे पेन हाती धरतात, त्यांच्या घरी ही तक्रार जुनी झालेली नाही.

आम्ही सातवीत असतानाचा एक प्रसंग आम्हांस अजून आठवतो. शाळेच्या पारितोषिक समारंभासाठी वडिलांनी आम्हांस नवा पांढरा सदरा शिवून आणला होता. नवा सदरा मिळण्याचा योग वर्षातून एकदाच यावयाचा, तो त्या वेळी आला होता. आदल्या संध्याकाळी हौसेने तो अंगात घातला, ऐटीने खिशाला पेन अडकवले, आणि थोड्या वेळाने पाहतो तो खिशाखाली रुपयाएवढा काळसर निळा डाग! आईने घाईघाईने सदरा कढत पाण्यात बुडवला आणि साबण लावून धुण्याच्या दगडावर घासघास घासला. निळा रंग गेला. पण त्याच्या जागी गंजासारखा पिवळट तपकिरी डाग उमटला आणि तो काही केल्या हलेना. आम्ही रडकुंडीस आलो. तेव्हा आजी उठली. तिने परसातल्या बिंबलाच्या झाडाची चार आंबट फळे तोडून आणली, ती ठेचून त्यांचा रस मिठाबरोबर डागावर लावला, काही वेळाने थंड पाण्याने धुतला आणि पुन्हा लावला. असे तीन-चार वेळा झाल्यावर डाग फिका पडत पडत नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच सदरा घालून व्यासपीठावर गेलो.

कढत पाणी आणि साबण यांना जे साधले नाही, ते परसातल्या आंबट फळाला कसे साधले? हे कोडे आमच्या मनात पुष्कळ वर्षे तसेच राहिले. आमचे शिक्षण कला शाखेचे. रसायनशास्त्राशी आमचा परिचय दुरूनच. पुढे शिक्षक झाल्यावर विज्ञान शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे विचारले. त्यांनी उत्तर तर दिलेच. पण त्या उत्तराच्या प्रत्येक वळणावर एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले. शाईचा जो जीव, तो कोणी शोधला? शेले यांनी. शाईचा डाग काढणारे आम्ल कोणी शोधले? शेले यांनी. कापड शुभ्र करणारा वायू कोणी शोधला? तोही शेले यांनीच. एका लहानशा गावात औषधाचे दुकान चालविणाऱ्या आणि अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी निवर्तलेल्या या पुरुषाचे चरित्र विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे आम्हांस वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

कार्ल विल्हेल्म शेले यांचा जन्म डिसेंबर १७४२ मध्ये बाल्टिक समुद्राच्या काठी स्ट्रालझुंड या बंदराच्या शहरी झाला. हे शहर आज जर्मनीत आहे. त्या काळी तो प्रदेश स्वीडनच्या राजाच्या ताब्यात होता. वडील व्यापारी होते. अकरा भावंडांतील कार्ल सातवा. घरची भाषा जर्मन; राज्य स्वीडनचे; आणि पुढचे सारे आयुष्य गेले ते स्वीडिश बोलणाऱ्या लोकांत. शेले यांनी आपली टिपणे आणि निबंध बहुतांशी जर्मन भाषेतच लिहिले, आणि विद्वत्सभेपुढे जाण्यासाठी त्यांचे स्वीडिशमध्ये भाषांतर होत असे. घरी कोकणी बोलावयाची आणि शाळेत मराठी लिहावयाची, असा क्रम ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्यांना या गोष्टीचे नवल वाटणार नाही. ज्ञान मिळविण्यास एक भाषा आणि व्यवहारास दुसरी, असे असले तरी मन खंबीर असेल तर काही अडत नाही.

महाविद्यालयाचे वा विद्यापीठाचे शिक्षण कार्लच्या वाट्याला आले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी, १७५७ साली, त्याला स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी बाउख नावाच्या औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. त्या काळचे औषधाचे दुकान आजच्यासारखे नव्हते. तयार गोळ्यांची पाकिटे कपाटातून काढून द्यावयाची, एवढेच काम तेथे नसे. मुळ्या कुटावयाच्या, क्षार गाळावयाचे, अर्क उतरवावयाचे, खनिजे भाजावयाची, असा सारा खटाटोप दुकानाच्या मागच्या खोलीत चाले. आपल्याकडील जुन्या वैद्यांच्या घरी खल, बत्ता आणि भट्टी अखंड चालू असे, त्याचेच हे पश्चिमेकडील रूप समजावे. दिवसा धन्याचे काम करावे आणि रात्री सारे निजले म्हणजे मालकाच्या संग्रहातील रसायनशास्त्राचे ग्रंथ काढून, त्यांत सांगितलेला प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहावा, असा या मुलाचा क्रम होता. ग्रंथात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे तो मानीत नसे. हाताला जे दिसेल ते खरे, हा धडा त्याने चौदाव्या वर्षीच गिरविला आणि पुढे कधी सोडला नाही.

आठ वर्षे अशी गेली. १७६५ साली बाउख यांनी दुकान विकले, तेव्हा शेले माल्मो येथील दुकानात गेले. तेथून ते राजधानी स्टॉकहोम येथे आणि १७७० साली उप्साला या विद्यापीठाच्या गावी गेले. चारही ठिकाणी काम तेच, नोकराचे. परंतु गाव बदलला की नवे ग्रंथ, नवे पदार्थ आणि नवे स्नेही मिळत गेले. या काळातच त्यांनी द्राक्षमद्याच्या पिंपात साचणाऱ्या खारट थरापासून टार्टरिक आम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे केले. आपल्या चिंचेला जो आंबटपणा आहे तो मुख्यतः याच आम्लाचा होय.

उप्साला येथील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील विद्यापीठात टोर्बर्न बर्गमन नावाचे थोर रसायनज्ञ प्राध्यापक होते. शेले ज्या दुकानी काम करीत, तेथून त्यांनी सोरा मागविला होता. हा सोरा बराच वेळ तापवून मग त्यावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल घातले, तर लालसर धूर निघे. न तापविलेल्या सोऱ्यातून मात्र तसा धूर निघत नसे. सोरा भेसळीचा असावा अशी शंका प्राध्यापकांना आली. दुकानातील या अबोल नोकराने मात्र कारण नीट उलगडून सांगितले. सोऱ्यात दोष नाही. तापविल्यामुळे त्याचा निराळाच क्षार बनतो आणि तो क्षार सौम्य आम्लानेही फुटतो, असे ते कारण होते. तक्रार करण्यासाठी झालेली ओळख अशा रीतीने स्नेहात परिणत झाली. गुरूने नोकराचे ऐकून घेतले, आणि नोकराने गुरूचा मान राखून आपले म्हणणे मांडले. दोघांच्याही मोठेपणाची ती खूण होय. बर्गमन यांनीच पुढे शेले यांना मँगनीजच्या काळ्या खनिजाचा अभ्यास करण्यास सुचविले.

या काळ्या खनिजाचे नाव गोमंतकातील मुलांना अपरिचित असण्याचे कारण नाही. येथील खाणींतून लोखंडाच्या खनिजाबरोबर मँगनीजचे खनिजही निघत असे आणि परदेशी जात असे. शेले यांनी त्यावर सुमारे तीन वर्षे परिश्रम केले आणि १७७४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्या एका निबंधात इतकी सामग्री होती, की दुसऱ्या कोणाचे आयुष्य तेवढ्यावर सार्थकी लागावे. त्या खनिजावर मिठापासून बनविलेले आम्ल ओतून ते ऊन केले असता पिवळट हिरवा, नाकाला झोंबणारा, छाती कोंडून टाकणारा एक वायू निघाला. शेले यांनी तो बाटलीत धरला. बाटलीचे बूच पिवळे पडले. निळा लिटमसचा कागद जवळजवळ पांढरा झाला. लाल, निळी, पिवळी फुले आणि हिरवी पाने त्या वायूत ठेवताच निस्तेज होऊन पांढरी पडली; आणि मग आम्ल लावा की क्षार लावा, गेलेला रंग काही परत येईना. हा वायू म्हणजेच क्लोरिन. तो एक मूलद्रव्य आहे हे शेले यांना कळले नव्हते. ते १८१० साली इंग्लंडमधील हम्फ्री डेव्ही यांनी सिद्ध केले आणि त्याला हे नाव दिले. परंतु रंग खाऊन टाकण्याचा त्याचा गुण प्रथम पाहिला तो शेले यांनी. त्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी फ्रान्समधील बेर्तोले यांनी कापड शुभ्र करण्याकडे त्या गुणाचा उपयोग करून दाखविला, आणि १७९९ साली स्कॉटलंडमधील टेनंट यांनी हा वायू चुन्यात मुरवून त्याची कोरडी पूड केली. परीट जिला ब्लीचिंग पावडर म्हणतात ती हीच. पूर्वी कोरे कापड पांढरे करण्यासाठी महिनेच्या महिने ते गवतावर उन्हात पसरून ठेवावे लागे. ते काम आता थोडक्या वेळात होऊ लागले.

ज्या शोधाने शेले यांचे नाव घरोघरी पोहोचावयास हवे होते, तो मात्र प्राणवायूचा. अनेक पदार्थ तापवून त्यांनी हा वायू १७७२ च्या सुमारासच मिळविला होता. त्यात मेणबत्ती अधिक तेजाने जळते हे पाहून त्यांनी त्याला अग्निवायू असे नाव दिले होते. महागडी उपकरणे कोठून आणावयाची? जनावरांच्या मूत्राशयाच्या पिशव्या बकपात्राच्या तोंडाला बांधून ते त्यांतच वायू धरीत. हा सारा वृत्तांत त्यांनी ग्रंथरूपाने लिहिला. परंतु छापखान्याच्या दिरंगाईमुळे आणि प्रस्तावनेची वाट पाहण्यात तो ग्रंथ १७७७ सालापर्यंत बाहेर पडला नाही. मधल्या काळात, १७७४ साली, इंग्लंडमध्ये प्रीस्टली यांनी तोच वायू स्वतंत्रपणे शोधून काढून आपला शोध जगापुढे मांडला होता. शोध आधी शेले यांचा, प्रसिद्धी आधी प्रीस्टली यांची, आणि त्या वायूचे खरे मर्म ओळखून त्याला ऑक्सिजन हे नाव दिले ते फ्रान्सच्या लाव्हाझिए यांनी. आपल्या हातचे श्रेय असे निसटून जाताना पाहणे किती कठीण असते, हे ज्याचा पहिला क्रमांक अर्ध्या गुणाने गेला आहे त्या विद्यार्थ्याला विचारावे. शेले मात्र दुसऱ्याच प्रयोगाकडे वळले.

१७७५ साल त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी स्वीडनच्या राजकीय विज्ञानसभेने त्यांना सभासद करून घेतले. ज्यांनी विद्यापीठाचा उंबरठा विद्यार्थी म्हणून कधी ओलांडला नाही आणि जे अद्याप दुसऱ्याच्या दुकानी नोकर होते, त्यांचा हा सन्मान होता. त्याच वर्षी ते कोपिंग या लहान गावी गेले. तेथील औषधविक्रेता पोल हा मरण पावला होता आणि त्याची तरुण विधवा सारा मार्गारेटा हिला दुकान चालविण्यास जाणता माणूस हवा होता. मध्यंतरी ते दुकान दुसऱ्याच एका गृहस्थाच्या हाती जाण्याचा प्रसंग आला. परंतु तोवर गावकऱ्यांना या नव्या औषधकाराची योग्यता कळून चुकली होती आणि त्यांनी त्यांना जाऊ दिले नाही. दुकानावर कर्ज होते. शेले यांनी ते हळूहळू फेडले, औषधविक्रेत्याची रीतसर परीक्षा १७७७ साली स्टॉकहोमला जाऊन दिली, आणि मोठ्या शहरांतून आलेली बोलावणी नाकारून ते अखेरपर्यंत कोपिंग येथेच राहिले.

या लहान गावातील दुकानाच्या मागच्या खोलीत पुढील दहा वर्षांत जे घडले, त्याचा आमच्या सदऱ्याशी अगदी जवळचा संबंध आहे. शेले आता आंबट पदार्थांच्या मागे लागले होते. १७७६ साली साखरेवर नत्राम्लाची क्रिया करून एक तीव्र आम्ल मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. त्या कामात शेले यांचा हात होता. रानातील आंबट पाल्यात असणारे आम्ल आणि हे साखरेपासून काढलेले आम्ल ही दोन्ही एकच, हे त्यांनी १७८४ साली सिद्ध केले. यालाच ऑक्झॅलिक आम्ल म्हणतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला उगवणारी आंबुटी मुले चघळतात, तिच्यात हेच आहे; आणि आजीच्या बिंबलात ते भरपूर आहे. १७८० साली त्यांनी आंबलेल्या दुधातून लॅक्टिक आम्ल काढले. १७८४ साली लिंबाच्या रसात खडूची पूड घालून जो साका बसला, त्यावर गंधकाम्लाची क्रिया करून सायट्रिक आम्लाचे स्वच्छ स्फटिक मिळविले. पुढच्या वर्षी सफरचंदातले आम्ल वेगळे केले. जिभेला सारेच आंबट लागते. परंतु चिंचेचा आंबटपणा निराळा, ताकाचा निराळा, लिंबाचा निराळा आणि आंबुटीचा निराळा, हे प्रत्यक्ष स्फटिक हाती ठेवून दाखविण्याचे श्रेय फार मोठ्या अंशाने या एका पुरुषाचे आहे.

आणि १७८६ साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, ते शाईच्या मुळाशी गेले. युरोपात शेकडो वर्षे दस्तऐवज लिहिण्यासाठी जी शाई वापरीत, ती मायफळ आणि हिराकस यांची. पणजीच्या पुराभिलेखागारातील जुने पोर्तुगीज कागदही त्याच परंपरेतले. मायफळ आपल्या घरांत चांगले परिचयाचे आहे; तान्ह्या बाळाची गुटी उगाळताना सहाणेवर त्याचे दोन-चार वेढे देतात. नावात फळ असले तरी ते फळ नव्हे. ओक जातीच्या झाडावर कीटकाने अंडी घातली असता तेथे येणारी ती गाठ होय. शेले यांनी मायफळांची पूड पाण्यात भिजवून तो काढा दीर्घकाळ तसाच ठेवला. तळाशी बसलेला साका त्यांनी ऊन पाण्यात विरघळवून गाळला आणि त्यापासून गॅलिक आम्लाचे स्फटिक मिळविले. हिराकसातील लोहाशी जुळून काळा रंग देणारे मायफळातले द्रव्य ते हेच.

आता आमच्या सदऱ्याचे कोडे सुटण्यास वेळ लागणार नाही. काळसर निळ्या शाईत गॅलिक आम्लासारखी द्रव्ये, हिराकसातील लोह आणि वर थोडा निळा रंग असे तिन्ही असतात. शाई ओली असताना ती पाण्यात विरघळते. पण हवा लागली, म्हणजे शेले यांच्याच त्या अग्निवायूचा संयोग झाला, की लोह आणि आम्ल मिळून काळे, पाण्यात न विरघळणारे द्रव्य बनते आणि ते धाग्यात रुतून बसते. आमच्या आईने साबण आणि कढत पाणी वापरले, तेव्हा वरचा निळा रंग आणि आम्लाचा अंश गेला. परंतु लोह तेथेच राहिले आणि त्याचा गंज उमटला. गंज घासून जात नाही. त्याला विरघळविणारे काहीतरी हवे असते. बिंबलातील ऑक्झॅलिक आम्लाने लोहाला आपल्याशी बांधून घेतले आणि थंड पाण्याबरोबर बाहेर नेले. चिंचेने वा बिंबलाने तांब्याची घागर घासली की ती लखलखते, त्यातही धातूवरचा मळ आम्लाने विरघळविण्याचाच प्रकार आहे. ज्या हातांनी डागाचे मूळ शोधले, त्याच हातांनी त्याचा उतारा शोधला होता. फक्त आमच्या आजीला ते नाव ठाऊक नव्हते आणि कोपिंगच्या औषधकाराला आमचे बिंबल.

यावरून गृहिणींनी आणि विद्यार्थ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही, की डाग पडताच टीपकागदाने वा फडक्याने शाई टिपून घ्यावी; चोळू नये, चोळल्याने डाग पसरतो. मग मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडावी. हल्लीची धुण्याजोगी निळी शाई बहुधा एवढ्यानेच बरीचशी जाते, कारण तिच्यात लोह नसते. काळसर निळी, पक्की शाई असेल तर पांढऱ्या सुती कापडास लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवावे व पुन्हा धुवावे. आंबट ताकानेही काम होते, पण सावकाश. डाग जाईपर्यंत गरम पाणी आणि साबण दूर ठेवावेत. रंगीत कापडाच्या आतल्या शिवणीवर आधी थोडा रस लावून रंग जात नाही ना हे पाहावे. ऑक्झॅलिक आम्लाची पूड बाजारात मिळते, पण ती विषारी आहे. मुलांनी तिला हात लावू नये. ब्लीचिंग पावडर रेशमाला आणि लोकरीला खाऊन टाकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ब्लीचिंग पावडर वा तसले द्रव कधीही लिंबाशी वा कोणत्याही आम्लाशी एकत्र करू नये. तसे केल्यास शेले यांच्या बाटलीतला तोच गुदमरविणारा वायू आपल्या न्हाणीघरात सुटेल. काजळीच्या शाईवर मात्र यांतला एकही उपाय चालत नाही. बोरूने लिहिलेल्या आपल्या जुन्या पोथ्यांची अक्षरे अजून काळीभोर दिसतात, ती काजळीवर आम्लाचे काही चालत नाही म्हणूनच.

शेले यांचे चरित्र सांगताना त्यांच्या हातून निघालेल्या एका अपायकारक वस्तूचा उल्लेख टाळणे सत्याला धरून होणार नाही. सोमल आणि तांबे यांच्यापासून त्यांनी एक सुंदर हिरवा रंग तयार केला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात तो भिंतीवरच्या कागदांना आणि कापडांना सर्रास देऊ लागले, आणि त्यातील सोमलाने अनेकांच्या प्रकृतीस अपाय झाला. शाईचा डाग दिसतो म्हणून आपण त्याला भितो. हा हिरवा रंग डोळ्यांना सुखवीत होता आणि म्हणूनच अधिक घातक ठरला.

स्वतः शेले यांनाही आपल्या पदार्थांनी सोडले नाही. नवा पदार्थ हाती आला की तो हुंगून आणि जिभेवर ठेवून पाहण्याची त्या काळच्या रसायनज्ञांची रीत होती. शेले यांनी विषारी प्रुसिक आम्लासारख्या द्रव्याचीही चव आणि वास नोंदवून ठेवला आहे. सोमल, पारा, शिसे यांच्याशी त्यांचा नित्याचा संबंध. खोली थंड, दमट आणि कोंदट. विश्रांती ठाऊक नाही. १७८५ च्या शरद ऋतूपासून त्यांची प्रकृती ढासळू लागली. मूत्रपिंडाच्या आणि त्वचेच्या विकाराने ते जर्जर झाले. आपला शेवट जवळ आला हे ओळखून त्यांनी एक गोष्ट केली. ज्या सारा मार्गारेटाने इतकी वर्षे त्यांचे घर सांभाळले, तिच्याशी त्यांनी मृत्युशय्येवर विवाह केला, जेणेकरून दुकान आणि मालमत्ता तिच्याकडे निर्वेधपणे जावी. त्यानंतर अवघ्या दोन-तीन दिवसांनी, २१ मे १७८६ रोजी, त्यांचे निधन झाले. आपल्यामागे एका स्त्रीने निराधार होऊ नये, ही त्यांची अखेरची चिंता होती.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्राने दोन गोष्टी आमच्या मनावर ठसल्या. एक म्हणजे, खेड्यातील दुकानाची मागची खोलीसुद्धा ज्ञानाचे मंदिर होऊ शकते. दुसरी गोष्ट आम्हांस वर्गात रोज उपयोगी पडते. एखाद्या मुलाचे अक्षर वाईट असते, एखाद्याचे गणित कच्चे असते, एखाद्याचा स्वभाव तापट असतो. त्याच्यावर कढत पाणी ओतावे, रागाने घासावे, असा मोह आम्हां शिक्षकांनाही होतो; आणि मग वरचा रंग जाऊन खाली गंज उरतो. तशा वेळी आम्हांस शेले यांची आठवण होते. आधी डाग कशाचा आहे ते पाहावे, तो कोठे आणि कसा रुतला आहे ते समजून घ्यावे, मग त्याला विरघळविणारे जे सौम्य द्रव्य असेल ते शोधावे. ते बहुधा आपल्या परसातच असते.

तो पांढरा सदरा पुढे आम्हांस आखूड झाला, मग धाकट्या भावाने वापरला, आणि शेवटी त्याचे फडके झाले. खिशाखालची ती जागा मात्र अखेरपर्यंत स्वच्छ राहिली होती.